नॉर्मन राजाचे कारकून आणि माझी काळी कॉफी

फ्राऊ लांगेनं माझा कागद वाचला, चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं आणि न विचारता काळी कॉफी आणून दिली. मला वाटलं, काम झालं. कॉफी संपल्यावर ती म्हणाली, सॉरी, जमणार नाही.

ही बर्लिनची गोष्ट, दोन हजार सालानंतरची. किटा म्हणजे इथली बालवाडी, आणि फ्राऊ लांगे, म्हणजे लांगेबाई, तिथली मुख्य. तिथं मुलांचं जेवण करायला बाई पाहिजे होती. आमचे हे गेले, मग ज्या हॉटेलात मी स्वयंपाक करायचे तेही बंद झालं. काम नसलं तर इथं राहायची परवानगी वाढवून मिळणं अवघड. आणि गावी जाऊन कुणाच्या दारात उभी राहणार? तक्रार नाही करत. होतं ते असं होतं.

कागद म्हणजे त्सोयग्निस. बाई कामाला कशी होती, ते जुना मालक नव्या मालकासाठी लिहून देतो. माझा शोभाताईंनी लिहिलेला. हॉटेल त्यांचंच. नाशिकला परत जायच्या आधी त्या डिक्शनरी घेऊन बसल्या, आणि मला मराठीत वाचून दाखवला. मंगलताई नेहमी कष्ट घेतात. सगळ्यांशी मिळूनमिसळून असतात, त्यांच्यामुळं किचन आनंदात असतं. मला रडू आलं होतं. माझ्याबद्दल कुणी लिहायची ती पहिलीच वेळ.

घरी वैदेही होती. पुण्याची पोरगी, माझ्याकडे एका खोलीत भाड्यानं राहायची, युनिव्हर्सिटीत पीएचडी करायची. हजारएक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडनं नॉर्मन लोक आले आणि इंग्लंडचे राजे झाले. त्यांच्या राज्यात साधी माणसं कशी जगायची, हा तिचा विषय. मी पोळ्या लाटायचे, ती ओट्याला टेकून सांगायची. राजाच्या कारकुनांनी गावोगावची जमीन, नांगर, माणसं लिहून नेली. मठातला एक साधू लिहून गेला, राजा क्रूर. दुसरा लिहून गेला, राजा थोर.

"मग खरा कोण?" मी विचारलं होतं.

"काकू, आधी हे बघायचं की कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, आणि वाचणाऱ्याला त्या शब्दात काय दिसायचं."

कारकून शेतावर राबणाऱ्याला नुसतं विलानस म्हणायचे, म्हणजे गावचा माणूस. पुढं त्याच शब्दाचा सिनेमातला विलन झाला, म्हणे. मी म्हणलं, आपल्याकडे गावंढळ म्हणतात तसंच की. ती म्हणाली, गेनाऊ. म्हणजे बरोबर.

त्या माणसांनी स्वतः काय लिहिलं, तर काहीच नाही. मग जमिनीतनं निघालेली त्यांची भांडी बघायची. तळाला काय जळालंय, आत काय चिकटलंय. कागदात नसतं ते कधीकधी भांड्यात सापडतं.

नकार घेऊन मी घरी आले, तर तिनं माझा कागद मागितला. वाचता वाचता तिचं तोंड उतरलं.

"काकू, शोभाताईंनी हा कोणासाठी लिहिला?"

"माझ्यासाठीच की."

"तिथंच घोळ झाला. हा वाचणार जर्मन मालक."

मग तिनं समजावलं. इथं कायदा असा, की त्सोयग्निसमध्ये वाईट लिहायचं नाही. मग मालक लोक वाईट तेही गोड शब्दांत लिहितात, आणि वाचणारा बरोबर उलटं वाचतो. नेहमी कष्ट घेतात, म्हणजे धडपड केली पण जमलं काहीच नाही. आणि ते मिळूनमिसळून, आनंदात? वैदेही कागदाची घडी घालायला लागली. मीच मागं लागले.

"म्हणजे कामावर दारू पितात."

मी खाली बसले. खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलेली बाई मी. काळी कॉफी माझी नशा उतरवायला होती, ते आत्ता कळलं. मग मलाच हसू आलं, आणि वैदेहीला तर आवरेना.

दुसऱ्या दिवशी स्वतःचं काम टाकून ती माझ्याबरोबर आली. फ्राऊ लांगेशी बराच वेळ बोलली. निम्मं मला कळलं. लिहिणाऱ्या बाईला तुमची ही आतली भाषा ठाऊक नव्हती, तिनं मराठीत विचार केला आणि जर्मनमध्ये लिहिलं, असं काहीतरी.

फ्राऊ लांगे म्हणाली, "बरं, मग मी भरवसा कशावर ठेवू?"

"भांड्यावर," वैदेही म्हणाली.

तिथं प्रोबे असते, म्हणजे एक दिवस काम करून दाखवायचं. फ्राऊ लांगेनं तो दिवस दिला. नाही म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? मी मुगाचं वरण आणि भात केला, वर तूप, तिखट अजिबात नाही. मुलांनी आधी नुसता वास घेतला. मी ओट्याशी उभी, हात पदराला पुसत होते, कोरडे असले तरी. थोड्या वेळानं पातेलं परत आलं. फ्राऊ लांगेनं स्वतः वाकून आत बघितलं, चमच्यानं तळ खरवडला आणि चाटला.

"सोमवारपासून या."

हात चालले तोवर मी तिथंच स्वयंपाक केला. म्हातारपण त्याच कामावर निभलं. शोभाताईंना फोन करून सांगितलं, तुमचा कागद दाखवला आणि काम मिळालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी मनापासून लिहिलं, वैदेहीनं नीट वाचलं, फ्राऊ लांगेनं पातेल्यात बघितलं. तिघींची मी ऋणी आहे.

एवढंच सांगते. कुणी तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं तर ते कोण वाचणार आहे, ते आधी बघा. आणि कुणी न विचारता काळी कॉफी दिली, तर कशासाठी ते विचारून मगच प्या.