तिळाचा खडा

मनूसारखं गिऱ्हाईक देवाने वैऱ्याच्या दुकानातही पाठवू नये. घासाघीस करणारी माणसं मला चालतात, त्यांच्याशी चार शब्द भांडता तरी येतं. ही पोरगी भांडायचीच नाही. अंगठी हातात घ्यायची, उठून थेट रस्त्यावर उन्हात जायची आणि मी गादीवरून "अगं आत ये, आत ये" म्हणून ओरडत असताना खडा डोळ्याशी धरून मनाची खात्री होईपर्यंत उभी राहायची. येणारे-जाणारे बघत. टांगेवाले थांबून बघत. हिला त्याचं काही नाही.

आमचं मोठं दुकान सांगलीला, साताऱ्याचं धाकटं. धाकट्याच्या गादीवर मी. दोन्ही दुकानांत एकच पाटी लावलेली होती : आमचा खडा आमच्या कुठल्याही दुकानात आणा, घेतल्या किमतीत परत घेऊ, वरचा फरक भरा आणि मोठा खडा न्या. माणूस एकदा खड्याच्या नादाला लागला की वरच चढत जातो, अशी मालकांची समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. खाली उतरायची सोय मात्र पाटीवर लिहिलेली नव्हती. तसं कुणी विचारेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एकेचाळीसच्या वैशाखात केरबा दुकानात आला. मेढ्याकडचा गडी, पलटणीत शिपाई, वीस दिवसांची रजा घेऊन लग्नाला आलेला. साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. त्या बाजूची माणसं साखरपुड्याला चांदीचं वळं नेतात आणि खूश असतात. याला हिरा पाहिजे होता.

"सायबाच्या मडमेच्या बोटात बगितलाय," म्हणाला. "बारका असंना, पर खरा पायजे."

मी त्याच्या ऐपतीचे चार खडे काढून ठेवले. त्याने नेमका पाचवा उचलला. तो मी बाजूला टाकला होता. मोहरीएवढी कणी, आणि तिच्या कडेला आत एक काळा ठिपका.

"तो ठेवा," मी म्हटलं. "डागाचा आहे. डागाचा हिरा लाभत नाही म्हणतात, म्हणून पडून आहे."

केरबा हसला. "आण्णा, पोरीच्या हनुवटीवर तीळ हाय. चांगला उठावाचा हाय, लांबनं दिसतुया. मंग खड्याला बी असू द्या की."

"बघितलीस वाटतं तिला?"

"येकदाच. मेढ्याच्या बाजारात. ती वांगी निवडत हुती."

एकदा बघितलेल्या पोरीच्या तिळाला जोड शोधणाऱ्या माणसाला मी काय शहाणपण शिकवणार? खडा कोंदणात बसवून दिला. साखरपुडा झाला. चौथ्या दिवशी पलटणीची तार आली, रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. हळद लागायची राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षी मनूचा बाप, गुंडा, पहिल्यांदा दुकानात आला. बरोबर मनू, हनुवटीवर तो तीळ. सोळा वर्षांची असेल. हातात केरबाचं पत्र. बापलेकीत कुणालाच वाचता येत नव्हतं आणि पत्र खड्याचं आहे एवढं टपालवाल्याने सांगितलं होतं, म्हणून ते माझ्याकडे आणलं. मी वाचून दाखवलं. मुक्काम कळवता येत नाही, तब्येत खुशाल, मला नाईक केलं आहे, पैसे पाठवले आहेत, तरी खडा बदलून मोठा करावा. नाइकाच्या बायकोच्या बोटात शिपायाचा खडा बरा दिसत नाही.

मी मोठा खडा बसवून दिला. मनू उठली आणि उन्हात गेली. तेव्हा मला तिची खोड माहीत नव्हती, मला वाटलं पोरगी अंगठी घेऊन पळाली. परत आली तर म्हणते, "ह्यात तीळ न्हाई."

"न्हाई त्येच बरं," गुंडा म्हणाला. "जोशीबुवा म्हनलं, डागाचा खडा नवऱ्याच्या जिवावर येतुया."

"सुटलीस बाई," मीही म्हणालो.

"त्यो आता कुटं जायाचा?"

"सांगलीला. परत आलेले खडे मोठ्या दुकानात जातात."

तिने मान हलवली. त्रेचाळीसमध्ये दुसरं पत्र आलं. आता हवालदार. खडा आणखी मोठा करावा. या खेपेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा बसला. मेढ्याच्या अख्ख्या खोऱ्यात तसा कुणाच्या बोटात नसेल. मनू उन्हात जाऊन आली आणि विचारते काय, तर, "आण्णा, माजा पयला खडा हाय का अजून सांगलीला?"

मी खेकसलोच. "अगं, लोक पुढं बघतात! तू काय सारखी मागं मागं?"

"इचारलं आपलं," म्हणाली आणि अंगठी घालून चालायला लागली.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात खबर आली की इटलीत सुरुंग उडाला आणि केरबाचे दोन्ही डोळे गेले. पंचेचाळीसच्या दिवाळीला तो घरी आला. आणि पुढच्याच आठवड्यात त्याने भावाच्या हाती गुंडाला निरोप धाडला : ज्या खड्यावर मी सोयरीक केली तो खडा तुम्ही मोडलात, तेव्हा सोयरीकही मोडली. अंगठी पोरीलाच राहू द्या.

ऐकून मी गादीवरून ताडकन उठलो. खडा बदला म्हणून याचीच पत्रं! मीच वाचली होती ना घसा खरवडून! पण गुंडा शांत होता. खरं सांगायचं तर तो सुटला होता. आंधळ्याला पोरगी द्यायची नाही आणि नाही म्हणायचं तोंडही नाही, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला केरबाने स्वतःच दार उघडून दिलं होतं. वाईच्या बाजूचा एक बिजवर गुंडाने बघूनही ठेवला होता. अंगठी मोडून पाटल्या करायच्या म्हणून तो मनूला घेऊन दुकानात आला होता.

मी तराजू पुढे ओढला. मनूने मूठ मिटली.

"पाटल्या नगंत. माजा पयला खडा द्या."

"काय?"

"त्येंनी सबब काढलीया. माजं वाटुळं हुईल म्हून मला सोडत्यात, आन वर आमालाच नावं ठिवत्यात. त्यो खडाच त्येंच्या म्होरं न्हेऊन ठिवते. मंग बगू काय म्हनत्यात."

"मने, गप!" गुंडा ओरडला.

"मी वाईला न्हाई जायाची," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "साखरपुड्यात त्येंनी माज्याकडं बगितलं हुतं. तवाच माजं ठरलं."

एकोणीस वर्षांची पोर, परक्या दुकानात, बापासमोर हे बोलली. माझ्या हातातलं वजन तसंच राहिलं. मी तिला नियम सांगितला, खडा खाली उतरत नाही. तिने अंगठी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, मग नियम करा. शेवटी गुंडाशी माझं ठरलं : मी सांगलीहून खडा आणून बघतो. केरबाने तोंडावर नाही म्हटलं की पोरगी वाईच्या स्थळाला गप उभी राहील.

मालाच्या निमित्ताने मी सांगलीला गेलोच. तिथे जैनुद्दीन आमचा खडे बसवणारा. चाळीस वर्षं त्याने त्याच खिडकीत मान खाली घालून काम केलं, आणि एकदा हातातून गेलेला खडा तो विसरत नसे.

"डागाची कणी? कडंला काळं?" तो म्हणाला. "तीन वर्षं पडून होती. मागच्या गणपतीत हळदीचा एक व्यापारी आला विजापूरकडचा. स्वस्त पाहिजे होता, घेऊन गेला."

मी त्याच्या खिडकीशीच बसलो. सगळी हकिकत त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतली, भिंग पुसलं आणि पुडीतून तेवढीच एक कणी काढली. स्वच्छ होती.

"कोंदण बंद करू. बुडाला काजळाचा ठिपका देतो. वरून कुणाला काय कळणार? आणि बघणारा तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

मी हो म्हणालो. आजही सांगतो, मी हो म्हणालो.

साताऱ्याला मनू आली. अंगठी घेतली आणि उन्हात गेली. बराच वेळ उभी होती. मी या खेपेला ओरडलो नाही. आत येऊन तिने माझ्याकडे बघितलं.

"आण्णा, तीळ कडंला हुता. ह्यो मदी हाय."

"चार वर्षं झाली त्याला. तुझ्या ध्यानात नसेल," मी म्हटलं. जीभ कशी रेटली कुणास ठाऊक.

तिने अंगठी बोटात घातली. मग म्हणाली, "उद्या तुमी संगट चला. त्येंचा तुमच्यावर इस्वास हाय." मला वाटलं, पोरीने खोटं गिळलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसंच हेही. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि माझी मलाही लाज वाटली. पण जायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीने मेढ्यापर्यंत आणि पुढे चालत आम्ही तिघं केरबाच्या घरी गेलो. तो सोप्यात बसून वाखाचं चऱ्हाट वळत होता. बोटं भराभर चालली होती. डोळ्यांवर पलटणीने दिलेला काळा चष्मा. आमची चाहूल लागली तशी त्याची आई, तानुबाई, चुलीकडे वळली.

"आये, च्या ठिवू नगंस," केरबा म्हणाला. "मानसं बसून ऱ्हात्याली."

म्हातारी होती तिथेच उभी राहिली. आम्हाला बसाही कुणी म्हटलं नाही. गुंडाला तेच हवं होतं. तो दाराशीच थांबला.

मनू पुढे झाली. "खडा आनलाया," म्हणाली.

केरबाचे हात थांबले. चऱ्हाट मांडीवरून घसरलं. त्याची खात्री होती की तो खडा आता या जन्मी सापडत नाही. त्याच भरवशावर त्याने सबब काढली होती. मग त्याने मान वर केली, पण बोलला माझ्याशी.

"आण्णा आल्यात न्हवं? आण्णा, तुमी सांगा. तीळ हाय का त्यात?"

'आहे' एवढंच म्हणायचं होतं मला. तीळ होताच की! मी तोंड उघडलं.

"न्हाई," मनू म्हणाली. "त्यो खडा इकला. ह्यो दुसराच हाय. आत काजळ घातलंया, आण्णांनी माज्यासाटनं. तुमास्नी दिसत न्हाई म्हून मी खोटं दावनार न्हाई."

म्हणजे साताऱ्याच्या उन्हातच तिने सगळं ओळखलं होतं! मला असा राग आला की बोलायची सोय नाही. घरदार, इभ्रत सगळं पणाला लावून पोरगी इथवर आली आणि हातातोंडाशी आलेला घास स्वतःच खाली टाकला. गुंडाने सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला.

"मंग झालं," केरबा हळू म्हणाला. "खडा न्हाई, सोयरीक न्हाई. सुकानं जा."

"थांबा," मनू म्हणाली.

ती त्याच्यासमोर खाली बसली. लग्न न झालेली पोर, पुढे त्याची आई, मागे तिचा बाप, शेजारी मी परका माणूस. तिने केरबाचा उजवा हात धरला, वाखाने खरबरीत झालेलं त्याचं बोट सरळ केलं आणि आपल्या हनुवटीवर नेऊन टेकवलं.

"ह्यो बगा. ह्यो न्हाई कुनी बदलला."

केरबाचं बोट त्या तिळावर थांबलं. मला वाटलं तो हात ओढून घेईल. गुंडा खोकला. "मने, ऊठ," म्हणाला. ती उठली नाही. केरबाचं बोट एकदा तिळाभोवती फिरलं आणि परत तिथेच आलं. चष्म्याखालून पाणी ओघळून त्याच्या मिशीत उतरलं, ते त्याने पुसलं नाही. दुसरा हात मोकळा असूनही पुसलं नाही.

गोठ्यात म्हैस पाय आपटत होती तेवढाच आवाज.

मग केरबाने नाक ओढलं आणि चुलीच्या दिशेने तोंड केलं. बोट होतं तिथेच होतं.

"आये," म्हणाला, "च्या ठेव. मानसं उबी हायती."

तानुबाईने पळत जाऊन फुंकणी उचलली. गुंडा थोडा वेळ दारात उभा राहिला, मग त्याने पायताण काढलं आणि आत येऊन बसला. मला गुळाचा चहा सोसत नाही, छातीत जळजळतं. त्या दिवशी मी दोन वाट्या प्यालो.