चार्जिंगची पाळी

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. विजेचा धडा दरवर्षी फळ्यावर काढलेला, त्यामुळे निवृत्तीनंतर गल्लीतल्या विजेचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. फ्यूज गेला की लोक आधी मला हाक मारत आणि मग वायरमनला. वायरमन दुरुस्त करी, मी शेजारी उभा राहून मान हलवी. कौतुक निम्मं निम्मं.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांची. समोरच्या घरात मामांचे दोन यंत्रमाग होते, टॉवेलचे. मामा साऱ्या गल्लीचेच मामा. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. मुलं पुण्याला. दर सणाला मुलांचा एकच हेका, हे भंगारात घाला आणि आमच्याकडे या. मामा म्हणायचे, "माग चालू हाय तोवर कसं येऊ?" माग थांबला की त्यांच्याकडे सोलापूर न सोडायला दुसरं काही कारण उरणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, मुलांनाही आणि मलाही.

मग गल्लीत विजेच्या गाड्या आल्या. पहिली माझीच. माझं बघून बाकीच्यांनी घेतल्या, हाही एक पराक्रम. कोपऱ्यावरच्या घरात तर ई-रिक्षा आली. संध्याकाळी सगळे घरी परतत आणि एकदम प्लग लावत. त्यात उन्हाळा, घरोघरी कूलर. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आम्ही डीपी म्हणतो, कण्हायला लागे आणि फ्यूज जाई. मामांचा टॉवेल अर्ध्यात अडके.

"सर, तुमी शिकलेले. काय तरी करा की," मामा म्हणाले.

हे वाक्य मला कुणी म्हणायला नको होतं.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार झालो. संध्याकाळी सगळेच एकदम वीज मागतात, दुपारी मात्र उन्हाची वीज पडून राहते. म्हणून गाड्या दुपारी आणि थोड्या थोड्या लावायच्या, म्हणजे ग्रिडला आधार. सोलापुरात उन्हाला काय तोटा. शिवाय उन्हाळ्यात आमचे दुकानदार दुपारी शटर ओढून घरी झोपायला येतातच. मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "उद्यापासून चार्जिंगची पाळी. एक दिवस डावीकडची घरं, एक दिवस उजवीकडची."

बायको म्हणाली, "शब्द तरी बरा शोधा. पोरीसोरी वाचतात."

मी म्हटलं, सोपा शब्द आहे, लोकांना लगेच कळेल.

फारच कळला. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. आणि पाळी आली की सोलापूरकर तहान किती हे बघत नाही. पिंप, बादल्या, घागरी, शेवटी देवापुढचा तांब्यासुद्धा भरतो. पुढची पाळी कधी येईल, कुणी सांगावं.

डावीकडच्यांची पहिली दुपार. ई-रिक्षावाल्यानं आपली रिक्षा लावली आणि शेजारी भावाचीही आणून लावली. मी विचारलं तर म्हणाला, "पाळी बोले तो भर के रखना ना सर. फिर कब आती, क्या मालूम." एकाचा मेहुणा वैरागहून स्कूटर टेम्पोत घालून हजर. एकानं भरलेलीच बॅटरी पुन्हा लावली, वर म्हणाला, "असू द्या की, वरपर्यंत भरू दे." दारोदारी वायरी लोंबत होत्या. कुठल्याही शहाण्या माणसानं तिथंच निम्मे प्लग काढायला लावले असते. मी म्हटलं, वा, काय प्रतिसाद.

आणि हे यश दाखवायला मामांना चहाला बोलावलं. माग चालू ठेवूनच ते पायरी उतरून आले.

चहा अर्धा झाला होता. समोरची खटखट जड झाली आणि थांबली. मामांनी कप खाली ठेवला.

"सर, बंद पडलं."

"धागा तुटला असेल."

"दोन्ही एकदम?"

"फ्यूज गेला म्हणावं तर हा पंखा फिरतोय की. वीज आहे. बसा, चहा संपवा."

सर म्हणाले म्हणून मामा बसले. तीन फेजपैकी एक गेली तर दुसऱ्या फेजवरच्या घरात पंखा फिरतच राहतो, आणि तिन्ही लागणारी मोटर मात्र जागच्या जागी घुमत तापत जाते. हे मी कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं. मी मामांना ग्रिडला आधार म्हणजे काय ते सांगत राहिलो. जळका वास आला तेव्हा ते उठून धावले, चप्पल माझ्याच दारात राहिली.

दोन्ही मोटरी गेल्या होत्या.

मी म्हटलं, मी मोटरींत नवी तार भरून आणतो, वायंडिंग करणारा ओळखीचा आहे. मामा म्हणाले, "राहू द्या सर. जुन्याच होत्या." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात थोरला मुलगा आला. या वेळी त्याला काही बोलावं लागलं नाही. भंगारवाल्यांनी घण घालून माग फोडले. आवाज लोखंडाचाच, पण ताल नसलेला. मामा आतल्या खोलीत बसून राहिले.

त्यानंतर आमचा फ्यूज एकदाही गेला नाही. दोन माग उतरले, डीपीवर तेवढी जागा झाली. आता कुणी दुपारी लावो की संध्याकाळी, सगळं बसतं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सरांच्या नियोजनामुळे गल्लीचा प्रश्न मिटला," खाली जोडलेले हात. मीही अंगठा दाखवला. दुसरं काय दाखवणार.

पुण्याला निघताना मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. "खोली रिकामीच हाय. तुमची गाडी उन्हात कशाला? आत लावा, तितं प्लग हाय." नाही म्हणायला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी स्कूटर तिथंच चार्ज करतो. फरशीतून मागांचे बोल्ट अजून वर आलेले आहेत, चाक त्यांच्यामधून बेतानं न्यावं लागतं. भिंतीला कापसाची पुसट लव आहे, पुसली तरी निघत नाही.

परवा मामांचा फोन आला. कसं काय चाललंय, मी विचारलं.

"घर चांगलं हाय, सर. पण लई शांत. झोपच लागत न्हाय."