वारा बघून कांडणाऱ्या शकूमावशी

शकूमावशी पिठाची गिरणी सुरू करण्याआधी दारात उभ्या राहून चिमूटभर पीठ हवेत उडवायच्या. वारा शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे असला, तर पुढचं दार ओढून घ्यायच्या. हवामान खात्याने मावशींना नोकरीवर घेतलं असतं, तर नाशिकची एकही द्राक्षबाग गारपिटीत सापडली नसती, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा आमची गल्ली बदलत होती. शिंप्याच्या जागी मोबाइलची कव्हरं आली, वाण्याच्या जागी केक आले. उरली होती ती मावशींची गिरणी. गाळ्याचे मालक नाना वरच्याच मजल्यावर राहायचे. त्यांच्या जावयाला कॅफे काढायचं होतं. मावशी भावाच्या दहाव्याला नांदगावला गेल्या आणि इकडे नानांनी कुलूप बदललं. मावशी परतल्या तेव्हा गिरणीचे दगड रस्त्यावर पडलेले, आणि त्यांवर एक कुत्रं नानांपेक्षा जास्त रुबाबात बसलेलं.

मावशी रडल्या नाहीत. गॅलरीतल्या नानांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जागा तुमची हाय, मागितली असती तर दिली असती. पण माझ्या पाठीमागं घेतली. आता मी तुमच्या तोंडासमोर बसते."

आणि खरोखर बसल्या. समोरचं सायकलचं दुकान बंद पडलं होतं, ते घेऊन तिथे मिरची कांडपाचं यंत्र लावलं. गिरणीला त्यांनी हात लावला नाही. विचारलं तर म्हणायच्या, "पीठ लय गरीब असतं."

कॅफेचं उद्घाटन ऐन एप्रिलात, मसाल्याच्या दिवसांत झालं. हवेशीर वाटावं म्हणून जावयाने पुढची बाजू सताड उघडी ठेवली होती. मावशींनी दारात येऊन सवयीने चिमूट उडवली. वारा थेट कॅफेत जात होता. या वेळी त्यांनी दार ओढलं नाही, लवंगी मिरचीचं पोतं ओढलं.

पुढचं काय सांगू! पहिली शिंक गल्लीत झाली, शेवटची देवळाली कॅम्पात ऐकू गेली आणि तोफखान्याने उलट सलामी दिली म्हणतात. कॅफेत एक मुलगा एका मुलीला लग्नाचं विचारत होता. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्याला वाटलं होकारच आला. आता दोन मुलं आहेत त्यांना.

सूड मावशींचा होता, पण अख्ख्या गल्लीने तो वाटून घेतला. ज्यांच्याकडे मसाला वर्षातून एकदा व्हायचा, ते दर आठवड्याला मिरच्या आणू लागले. आमच्या घरी तर शिऱ्यात तिखट घालायचं तेवढं राहिलं होतं. कॅफेने पावसाळा बघितला नाही. जावई मिशी कापून मुंबईला गेला.

मग नाना रस्ता ओलांडून आले. गाळा रिकामा पडून होता. हळू आवाजात म्हणाले, "शकूबाई, झालं गेलं सोडा. परत या. गिरणी लावा."

"येते की. पण कांडप घेऊन येते."

"अहो, वर मी राहतो."

"ठाऊक हाय ना नाना," मावशी मिरच्यांची देठं खुडत म्हणाल्या. "म्हणून तर येते."

दुसरं कुणी गाळा घेईना, म्हणून नानांना मान डोलवावी लागली. पुढे मावशींनी अखेरपर्यंत तिथेच कांडलं, आणि नानांनी तितकी वर्षं नाकाला उपरणं लावून जेवण केलं.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. तेराव्याचीही वाट न बघता नानांनी गाळा सलूनवाल्याला दिला. रंग झाला, आरसे लागले. पण तिखट भिंतींत पार मुरलं होतं. गालावर वस्तरा टेकला की गिऱ्हाईक शिंकायचं. महिन्याभरात न्हावी पळाला. त्याच्यामागून चष्मेवाला आला, मग ज्यूसवाला, आणि तेही डोळे पुसत गेले.

सध्या शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे' अशी पाटी आहे. मी रोज तिथे थांबतो, मावशींना हात जोडतो आणि वर गॅलरीत नाना दिसले, की अगदी मनापासून शिंकतो.