का न विचारणारी माणसं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाईंचा. आईवडिलांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मला कळतं. पण आईवडिलांनी त्यांच्यापाशी होतं ते दिलं. बाईंनी दिलं ते आमच्या घरात कोणाला हवंच नव्हतं.

आठवीत मी शाळा सोडली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वडिलांची एसटी स्टँडसमोर केळ्यांची हातगाडी होती, त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, आणि मला गाडीवर उभं राहायला आवडायचं. मी खूश, वडील खूश, आईची हरकत नव्हती. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई आल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. केळी घेतली नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे रोखून बघायच्या, आणि ते मुकाट्यानं शेजारच्या गाडीवर जायचं.

वडील म्हणाले, "बाई, धंद्याची वेळ आहे."

"माझी पण शाळेची वेळ आहे. पोरगा द्या, जाते."

दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिसऱ्या दिवशीही. वडिलांनी बरीच कळ काढली आणि शेवटी मला म्हणाले, "जा बाबा, नाहीतर ही बाई आपला धंदा बुडवणार."

घराण्यातला पहिला पदवीधर मी. मुलुंडचं छोटं घर, अंधेरीची नोकरी, मुलीची इंग्रजी शाळा, सगळं बाईंच्या त्या उभं राहण्यातून आलं. हे आधी सांगतोय, कारण पुढं मी अगदी उलट विचारांच्या माणसांत जाऊन बसलो आणि ती माणसं मला मनापासून आवडली.

ऑफिसातल्या एका मित्रानं मला घाटकोपरला नेलं. तिथं एका निवृत्त चार्टर्ड अकाउंटंटच्या घरी रविवारी दहाबारा जण जमायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ही मंडळी स्वातंत्र्यवादी. म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की सरकारनं चोर पकडावेत, सरहद्द सांभाळावी आणि बाकी माणसाला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं. कोणी कोणावर सक्ती करू नये, मग ती भल्यासाठी का असेना. मी ऐकत बसायचो आणि मला नगरपालिकेचा ट्रक दिसायचा. वडिलांची गाडी तो दोनदा उचलून घेऊन गेला होता. केळी रस्त्यावर पडली होती आणि वडील, मोठा माणूस, साहेबाच्या मागं "साहेब, साहेब" करत पळत होते. काका बोलायचे तेव्हा वाटायचं, हे माझ्या बापाच्या बाजूनं बोलतायत.

या मंडळाचा एक रिवाज होता. कोणी कोणाला 'का' विचारायचं नाही. कोणी उशिरा आला, मधेच उठला, यायचा बंद झाला, तरी विचारायचं नाही. "का विचारलं की समोरच्याला हिशेब द्यावा लागतो," काका म्हणायचे, "आणि हिशेब घेणारा आपोआप साहेब होतो." पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की इथं मला कोणी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मुंबईत नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत जी चाचपणी सहन करावी लागते, "गाव कुठलं? म्हणजे तुम्ही कोणाचे?" ती इथं नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मी मुलुंड स्टेशनवरून रिक्षा न करता चालत गेलो. हलकं वाटत होतं.

मग मंडळात विचार निघाला. मुंबईत आपण समुद्रात मीठ. त्यापेक्षा आपल्यासारख्या विचारांच्या शंभरेक कुटुंबांनी एका छोट्या राज्यात जाऊन राहावं, जिथं आपला आवाज ऐकू येईल. राज्य ठरलं गोवा. ज्यांना जावंसं वाटतंय त्यांनी आधी एक आठवडा तिथं राहून बघायचं, जागा बघायच्या, आधी गेलेल्यांना भेटायचं. परत आल्यावरच्या रविवारी घाटकोपरला बसायचं आणि ज्याचं ठरलं असेल त्यानं उभं राहून 'आम्ही येतो' म्हणायचं. कागद नाही, सही नाही. शब्द दिला की दिला.

शब्द दिला तर मुलुंडचं घर विकायचं होतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला शाळेतून काढायचं होतं. तिथं मुलांना घरीच, त्यांच्या कलानं शिकू द्यायचं असं ठरत होतं.

बायको भांडुपची, तिचे वडील मालवणकडून गिरणीत आलेले. ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय. पण चल, आठवडाभर मासे तरी खाऊ."

मी मुलीच्या शाळेत रजेचा अर्ज दिला. बोरिवलीहून बस निघाल्यावर हे मी सांगितलं, तर कांदिवलीची एक आर्किटेक्ट, मंडळातली सगळ्यांत हजरजबाबी बाई, मागच्या सीटवरून ओरडली, "अर्ज? परवानगी मागितलीस? अरे, स्वातंत्र्य बघायला निघालायस ना यार तू?" सगळी बस हसली. मीही हसलो. बायको खिडकीबाहेर बघत होती.

घर नदीकाठच्या एका गावात होतं, जुनं, कौलारू, भोवती सुपारीची झाडं. पहिले दिवस चांगले गेले. अंधेरीहून आधीच तिकडं गेलेला एकजण भेटायला आला. पाव भाजून विकायचा. आम्हाला त्याचं सगळं झकास वाटलं. त्याची एकच तक्रार होती, शेजारीण रोज कुंपणाशी येऊन विचारते, आज बाजारातून मासे कुठले आणले. "मी तिला सांगितलं, मावशी, हा माझा खासगी प्रश्न आहे. तर दुसऱ्या दिवशी तीच मासे घेऊन आली. तिला वाटलं माझ्याकडे पैसे नाहीत."

मला मात्र झोप नीट लागत नव्हती. सकाळी वाटायचं, ठरलं, यायचं. संध्याकाळी मुलगी व्हरांड्यात एकटी सागरगोटे खेळताना दिसायची आणि ठरलेलं मोडायचं. बाकी कोणी मुलं आणली नव्हती.

मधल्या एका दिवशी मी दोघांबरोबर डोंगराकडची जमीन बघायला गेलो. बायकोचं डोकं दुखत होतं, ती खोलीत पडली होती. दुपारी परत आलो तर व्हरांड्यात आर्किटेक्ट पुस्तक वाचत बसली होती.

"मुलगी कुठंय?"

"गेली ना मघाशी. सँडल घातली, पाण्याची बाटली घेतली, मला बाय केलं."

"कुठं गेली?"

"विचारलं नाही रे."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की मला आधी काही कळलंच नाही. काका आतून आले. "हो, मीच फाटक उघडून दिलं," ते म्हणाले. "कडी घट्ट आहे, तिला निघत नव्हती."

बायको दारात उभी होती. "विचारलं नाही म्हणजे?"

"तिचा निर्णय होता," आर्किटेक्ट म्हणाली, पण आता तिनं पुस्तक मिटलं होतं. "मला वाटलं, आपण कोण..."

"नऊ वर्षांची आहे ती! समोर नदी आहे!"

बायको चप्पल न घालता धावली. मी नदीकडे गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं, पाणी संथ होतं, आणि त्या संथ पाण्याचा मला इतका राग आला की मी त्याला शिवी दिली. परत वर आलो, रस्त्यावर जो दिसेल त्याला विचारत सुटलो. एका दुकानदारानं हातानंच वळणाकडे दाखवलं.

वळणावर सरकारी प्राथमिक शाळा होती. एकच वर्ग, खिडक्या उघड्या. मुलगी शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मधे बसली होती आणि फळ्यावरचे अपूर्णांक कोणाच्या तरी वहीत उतरवत होती. माझ्याकडे बघून तिनं हात हलवला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

तिथल्या बाई बाहेर आल्या. वयस्कर, कमरेला पदर खोचलेला. "तुम्ही वडील? मुंबईचे?"

मी मान हलवली.

"फाटकाकडे उभी राहून आत बघत होती. 'कोणाचें गो तूं?' विचारलं, तर म्हणते, आईबाबा आहेत, पण तिकडं कोणी काही विचारत नाहीत, म्हणून आले. म्हणून आत घेतली. तुमच्या घरी सांगायला माणूस पाठवलाय, चुकामूक झाली असेल." मग आवाज चढवून म्हणाल्या, "पोरीला अशी सोडतात? बाजूला न्हंय आहे, एवढी मोठी नदी, बघितली ना?"

एवढी बोलणी मी गेल्या कित्येक वर्षांत कोणाची खाल्ली नव्हती. "चुकलं," म्हणालो. त्यांनी तास संपेपर्यंत मुलीला सोडलं नाही. शोधत शोधत बायकोही येऊन पोचली, आणि आम्ही दोघं नवराबायको शाळेच्या पायरीवर बसून राहिलो, बायकोच्या तळव्यातून रक्त येत होतं, आणि आतून पोरं तालात काहीतरी म्हणत होती.

संध्याकाळी काका आमच्या खोलीच्या दाराशी आले. "मी फाटक उघडून दिलं," एवढंच म्हणाले. आत आले नाहीत, तिथंच उभे राहिले. बायको त्यांना बरंच काही ऐकवणार होती. पण तिनं खुर्ची पुढं केली. बाहेर मात्र जेवताना चर्चा सुरू झाली, की मूल किती वर्षांचं झालं की त्याला विचारू नये. मी ताट घेऊन उठलो. का उठलो, हे कोणी विचारलं नाही.

मुंबईत परत आल्यावर रविवार येईपर्यंत मला एका जागी बसवेना. ऑफिसातून निघालो की मुलुंडच्या डोंगराच्या कडेनं फेऱ्या मारायचो. मनात भांडण चालू असायचं. काकांचं म्हणणं मला अजूनही पटत होतं. वडिलांना 'साहेब, साहेब' करत पळावं लागलं ते कोणामुळं? 'कोणाचा तू' हा प्रश्न ऐकून मी आयुष्यात कितीदा मान खाली घातली होती? आणि त्याच प्रश्नानं माझी पोर नदीपासून लांब ठेवली होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर माणसानं घर कुठं करायचं?

बायको शेवटी म्हणाली, "तुला जायचं असेल तर मी येईन रे. पण तू नीट सांग. रात्रभर कूस बदलत बसू नकोस, वाट लागलीय माझ्या झोपेची."

मी चप्पल घालून पुन्हा डोंगराकडे निघालो.

रविवारी घाटकोपरला हॉल भरला होता. एकेक जण उभा राहायचा, "आम्ही येतो" म्हणायचा. टाळ्या नाहीत, कौतुक नाही, तोही त्यांचा रिवाज. आर्किटेक्ट उभी राहिली. माझा मित्र उभा राहिला, मला त्याचा हेवा वाटला. मग माझ्या शेजारचा, मग माझी पाळी.

मी बसून राहिलो.

एक क्षण थांबून पुढचा माणूस उभा राहिला. कोणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्यांच्या लेखी हा सर्वांत मोठा आदर होता, मला माहीत होतं. तरीही वाटत होतं, कोणीतरी कॉलर धरावी आणि विचारावं.

निघताना काका लिफ्टपर्यंत आले. दार धरून उभे राहिले. मग म्हणाले, "घरी पोचलास की कळव रे."

घरी पोचल्यावर मी त्यांना फोन केला. मग बाईंना पत्र लिहायला बसलो. बाईंना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं पत्रातूनच चालतं. ते पत्र असं:

"पूज्य बाईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. मागच्या पत्रात मी कळवलं होतं की आम्ही बहुधा गोव्याला राहायला जाऊ. आमचं जाणं रद्द झालं आहे. आम्ही मुलुंडलाच आहोत, मुलगी त्याच शाळेत आहे.

गोव्यात एके दुपारी मुलगी हरवली होती. ती एका शाळेत सापडली. तिथल्या बाई मला खूप रागावल्या. मला तुमची आठवण झाली, पण ते कारण म्हणून लिहीत नाही, कारण अजून माझं मलाच नीट सांगता येत नाही.

ज्या लोकांबरोबर मी जाणार होतो ती फार चांगली माणसं आहेत. तुम्हाला आवडली असती. तुमचं त्यांच्याशी भांडणही झालं असतं. ती म्हणतात, माणसाच्या भल्यासाठीसुद्धा त्याच्या आड येऊ नये. तुम्ही माझ्या आड आलात. मला विचारलं नव्हतं, वडिलांनाही नाही. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता, हे आजवर कधी सांगितलं नाही. आता राग नाही. पण कोणी कुठं आड यावं आणि कुठं बाजूला व्हावं, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, की नुसत्याच उभ्या राहिला होतात?

सुट्टी लागली की मुलीला घेऊन तुमच्याकडे येतो. अपूर्णांक तिला अजून जड जातात. तिला पुढं बसवा.

आणि बाई, मी का गेलो नाही, ते मला विचारा. इथं कोणीच विचारलेलं नाही.

आपला विद्यार्थी"