जांबाच्या बागेतली राधावहिनी

पोखर्णीहून आलेला भावाचा गडी गंगाखेडला माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. मी समजलो. राधावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, आठ दिवसांच्या तापानं गेली होती. आता दीड महिना झाला.

दादाची जांबाची बाग आहे. इतरत्र ज्याला पेरू म्हणतात, तेच हे जांब. एका पावसाळ्यात तिथं फळमाशी आली. वरून पिवळंधमक दिसणारं फळ फोडावं, तर आत अळ्या. दुसऱ्या वर्षीही तेच. वैतागून दादानं कुऱ्हाडीला धार लावून आणली. वहिनी म्हणाली, "एक बहार मला द्या. मंग तोडा."

परभणीच्या सरकारी शेतीवरचे एक साहेब गावात आले होते. तुळस ठेचून गुळाच्या पाण्यात घाला, गाडगी झाडांना टांगा, माशी वासानं येऊन बुडते, असं ते सांगून गेले होते. वहिनीनं विहिरीजवळ तुळशीचा वेगळा वाफा केला. वृंदावनातल्या तुळशीला हात लावला नाही. चार दिवसांत गाडग्यांत माश्यांचा थर साचला. मी त्या साहेबांना नेऊन दाखवल्या. "ये तो सब नर हैं, मास्टर," ते म्हणाले. घरी येऊन सांगितलं, तर वहिनीनं विचारलं, "मंग माद्या कुठं हायत?" आणि माझ्या आधी तिनंच उत्तर दिलं, "जांबात. अंडी घालायलेत."

तेव्हापासून ती पडलेलं एकही फळ जमिनीवर राहू देईना. आतल्या अळ्यांसकट वेचून खोल खड्ड्यात पुरायची. पण शेजारच्या किशनरावांच्या बागेत कुजक्या फळांचा सडा. ते म्हणाले, "कुजू द्या की, खत होतंय." मग वहिनी टोपलं घेऊन त्यांच्याच बागेत वेचायला लागली. गावात हसू झालं. मलाही लाज वाटली. "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"माशीला बांध कळतो का, भाऊजी?"

बाग वाचली. सगळी फळं नाहीत, पण दादानं कुऱ्हाड माळ्यावर टाकली. आम्हाला वाटलं, झालं. पण दर पावसाळ्यात पुन्हा तेच... पाणी बदलायचं, तुळस ठेचायची, वाकून वेचायचं. सहा वर्षं. तिच्या हातातलं टोपलं कुणी घेतलं नाही. मीही नाही. शेवटच्या भेटीत कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "माशी दमत न्हाई, भाऊजी. मीच दमायलेय." मला ती चेष्टा वाटली. मी हसलो...

परवा पोखर्णीला गेलो. मागच्या दारी खुंटीवर तिचं कामाचं जुनेर तसंच होतं, फळांच्या गराच्या डागांसकट. "धुवायला टाकू का?" मी दादाला विचारलं.

"राहू दे." त्यानं ते जुनेर काढून खांद्यावर टाकलं, टोपलं उचललं आणि किशनरावांच्या बांधाकडं चालू लागला.