खाटेखालच्या विटा

कृष्णातला पंपांतलं कळायचं. निपाणीहून तो पन्नास साली कानडी मुलखातल्या यशवंतपूरला आला, एका गिरणीच्या पंपघरात हेल्पर म्हणून लागला आणि अकरा वर्षांत फिटर झाला. लग्न उशिरा केलं. बायकोला, चंद्राबाईला, लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

एकसष्ट साली नळावरून घागर आणताना तिला धाप लागू लागली. दसऱ्यानंतर तर आडवं होताच खोकला उसळायचा. तीन उशा पाठीशी घेऊन ती बसल्या बसल्याच झोपायची.

गिरणीच्या डॉक्टरांनी कागदावर चार कप्प्यांचं हृदय काढलं. "अंगभर फिरून आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं. ती ते फुप्फुसांकडे ढकलते. तिथं हवा घेऊन रक्त डाव्या बाजूला परततं आणि डावी बाजू ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोचवते. लहानपणीच्या सांधे सुजणाऱ्या तापानं यांच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप आखडलीय."

"म्हंजे व्हॉल्व्ह जाम."

"जाम नाही, चिंचोळा झालाय. म्हणून मागं, फुप्फुसांत, रक्त तुंबतं."

"खोलून साफ करता येत न्हाई?"

"येतं. वेल्लोरला करतात. चिठ्ठी देतो, पण नंबर लागायला तीन महिने जातील."

तीन महिने. कृष्णातला आजार कळला होता, आणि कळलेलं असताना हातावर हात ठेवून बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. दमलेल्या पंपाचा भार हलका करायचा तर पाणी चढवायची उंची कमी करायची, हे त्याला पाठ होतं. बसलेल्या बाईच्या हृदयाला रक्त डोक्यापर्यंत चढवावं लागतं. निजलेलीच्या हृदयाला नाही.

रविवारी दुपारी त्यानं तिच्या पाठीमागच्या उशा काढल्या आणि डोकं हृदयाच्या खाली यावं म्हणून खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट सरकवली.

"अवो, मला उताणं नगा निजवू."

"जरा कळ काढ, चंद्रे. काळजाला इसावा मिळंल."

"तुमच्या पंपालाबी असंच करतासा?"

"असंच."

"पंप बोलत न्हाई, म्हणून तुमचं निभतंय," ती म्हणाली आणि आडवी झाली.

थोड्याच वेळात तिच्या छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. ओठ जांभळे पडले. त्यानं तिच्या डाव्या स्तनाखाली तळहात टेकला. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली. अडलेली जागा हीच. हाताच्या आणि त्या जागेच्या मध्ये दोन बोटांचं अंतर नव्हतं, आणि तिथं पोचायची वाट नव्हती. उंची अजून कमी करायला हवी, असं वाटून त्यानं घाईनं आणखी एकेक वीट घातली. तिच्या तोंडातून गुलाबी फेस आला.

शेजारची यल्लव्वा आवाज ऐकून धावत आली. "एब्बिसी अण्णा, एब्बिसी! उठवा, बसवा तिला!" ती ओरडली आणि त्याला बाजूला सारून तिनंच चंद्राबाईला उठवून बसवलं, पाय खाटेवरून खाली सोडले. मग डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत श्वास थोडा रुळला.

डॉक्टर दाराबाहेर हळू आवाजात म्हणाले, "पाय वर केलेत, तशी पायांतलं रक्त हृदयाकडे उतरलं. उजव्या बाजूनं ते इमानानं फुप्फुसांत ढकललं. पुढची वाट मात्र होती तेवढीच. बसल्यावर थोडं रक्त पायांत थांबतं. त्या बसून झोपायच्या, ते बरोबर होतं."

"मी समजून केलं, डॉक्टर."

"ते दिसतंय."

आत यल्लव्वानं विटा काढून भिंतीशी लावल्या होत्या. बसवताना तिच्या पाठीशी पुन्हा लावलेल्या उशा फेसानं भिजल्या होत्या, म्हणून कृष्णात खाटेवर चढला आणि चंद्राबाईच्या पाठीला पाठ लावून बसला. ती रेलली. तिचा एकेक श्वास त्याच्या पाठीला लागत होता, अडखळत, मध्येच घाई करत. पंप बिघडला की बंद करून उघडायचा. तिच्या छातीतला हा पंप एक क्षणही बंद करता येणार नव्हता.

"आता काय करनार?" तिनं विचारलं.

तो तिचा चेहरा बघायला वळू लागला.

"हलू नगासा," ती म्हणाली. "हललासा की दम लागतोय."

तो समोरच्या दाराकडे बघत तसाच बसून राहिला.