दुसऱ्याच्या नावाचा धंदा

डोमेनच्या धंद्यात माल दिसत नाही, गोदाम लागत नाही, वजनकाटाही लागत नाही. साचतात ते फक्त किस्से! आम्ही तिघे जमलो की एकेक बाहेर निघतो, पोट धरून हसणं होतं आणि मग कोणीच कोणाकडे बघत नाही.

तिघे म्हणजे प्रवीण, रमाकांत आणि मी. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात प्रवीणचा सायबर कॅफे होता. खाली रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि वर धुळीने आमचे कीबोर्ड तांबडे व्हायचे. सर्वण गावचा रमाकांत खाणीच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी तोही येऊन बसायचा.

धंदा सोपा होता. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव; जो आधी घेईल त्याचं, दरवर्षी थोडी फी भरली की झालं. उद्या कोणाला कुठलं नाव लागेल ते आज ओळखायचं, घेऊन ठेवायचं आणि तो आला की चढ्या भावाने त्यालाच विकायचं. कायद्यात बसत होतं. निदान प्रवीण तसं म्हणायचा!

*

मी पेडण्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "करतास काय?"

"डोमेन घेतो, विकतो. इंटरनेटवरची जमीनच म्हणा ना!" मी ऐटीत म्हणालो.

"जमीन? कोणाची?"

"जो मागाहून येणार त्याची. तो यायच्या आधी आपण आपल्या नावावर करायची."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमची माडा-काजूची भाटां अशीच गेली," ते म्हणाले आणि बायकोला हाक मारली, "अगो, पावण्यांची बस चुकात, तेंका उशीर करू नको!"

बस सुटायला अजून दोन तास होते. ते मी स्टँडवर बसून काढले.

*

आमचा पहिला नियम वकिलाच्या नोटिशीतून आला. बेळगावकडच्या एका लोणचेवाल्या कंपनीचं नाव आम्ही घेऊन बसलो होतो. नोटीस बघून रमाकांतला घाम फुटला. प्रवीण शांत! "नाव आपण खरोखर वापरतो असं दिसलं पाहिजे. मग कोणी हात लावू शकत नाही."

रातोरात त्या नावावर पान उभं राहिलं. कोणाचं लोणचं? रमाकांतच्या आईचं! बरणी, आई, मागे केळीचं झाड, असा फोटोसुद्धा टाकला.

आणि चक्क ऑर्डरी आल्या! कोण कुठली पुण्याची माणसं, त्यांनी बरण्या मागवल्या. आईने शेजारणींना बोलावून कैऱ्या चिरायला घेतल्या, मोठं भांडं उसनं आणलं. तेवढ्यात दुसरी नोटीस आली आणि आम्ही मुकाट्याने नाव सोडून दिलं.

आईला सांगायचं कोणी? शेवटी रमाकांतने सांगितलं की ते पान बंद झालं. ती हात पुसत बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "माजें लोणचें तांकां आवडलें नाय रे पुता?"

तेव्हापासून नियम ठरला, चालत्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही. रमाकांतने मात्र वर्षभर घरी लोणचं खाल्लं नाही.

*

आमच्या शाळेच्या जुन्या हेडमास्तरांनी माजी विद्यार्थ्यांसाठी वेबसाइट केली होती. सर आजारी पडले, फी भरायची राहिली, नाव सुटलं. प्रवीण टपलेलाच होता!

सर बरे होऊन काठी टेकत कॅफेत आले. "प्रवीण, माझी साइट दिसत नाही रे."

"सर्व्हर डाउन आहे, सर."

सर दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. दर वेळी जिना चढून धापा टाकायचे आणि म्हणायचे, "तुला उगाच त्रास." आठवडाभरात प्रवीणचं जेवण सुटलं. त्याने नाव सरांच्या नावावर केलं आणि "सापडलं" म्हणून कळवलं.

मग माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. सरांनी माइक हातात घेतला. "शाळेचं हरवलेलं नाव ज्याने शोधून आणलं, तो आपला प्रवीण!" शाल, श्रीफळ, टाळ्या! आम्ही दोघे मागच्या रांगेत खुर्चीखाली जायचे बाकी होतो.

ती शाल प्रवीणने कधी अंगावर घेतली नाही. कॅफेतल्या प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून ती पांघरलेली असायची.

*

हळर्णचा शांताराममामा, माझा सख्खा मामा, काजू भाजून विकायचा. मामी गेली आणि त्याने पाकिटावर तिचं नाव घातलं, 'सुमती काजू'. एक पाकीट मी कॅफेत नेलं. काजू खाता खाता प्रवीण म्हणाला, "नाव झकास आहे!" आणि तिथल्या तिथे घेऊन टाकलं. कंपनी नव्हती, म्हणजे नियमात बसत होतं. मी फक्त हसलो.

पुढे मामाच्या मुलीला वेबसाइट करायची होती, तर नाव गेलेलं! इकडे म्हापशाचा एक व्यापारी त्याच नावासाठी आमच्या मागे लागला होता. त्याला सोमवारी कळवायचं होतं.

रविवारी मामाचा फोन आला. "देवळात गाऱ्हाणा घालूचा आसा. तुमी तिघव येवा. गावकराक ह्या कॉम्प्युटरातला काय समाजना नाय."

गेलो. नारळ ठेवला होता, दहा-बारा माणसं हात जोडून उभी होती. सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या गावकराने मला पुढे बोलावलं. "देवाक नीट सांगूक व्हया. काय चोरीक गेला?"

"नाव," मी म्हणालो.

"नाव कसा चोरतत रे?"

मी सांगितलं. कसं टपून बसतात, कसं धरून ठेवतात, कोणाला विकतात, सगळं. मामा शेजारच्याला म्हणाला, "भाचो माझो! सगळा म्हायत आसा तेका."

गावकराने डोळे मिटले. "बा देवा महाराजा! ह्यो तुझो लेकरू शांताराम तुझ्या पायाकडे उभो आसा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला उभं राहिलं की म्हणावंच लागतं.

"तेच्या बायलेचा नाव कोणी तरी आपल्या नावावर करून ठेवल्यान!"

"व्हय महाराजा!"

"आता ता विकूक काढल्यान!"

"व्हय महाराजा!"

"तो जो कोण आसात, तोव तुझोच लेकरू. तेका बुद्धी दी, आणि तेच्या घरादाराचा बरा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज प्रवीणचा होता.